होळीच्या पुनवेची कोर

सोमवारी सकाळी सखुबाईचा फोन आला तेव्हा भाईदास सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या मिलमध्ये चेकिंग टेबलापाशी उभा होता आणि त्याच्या पुढ्यातून जांभळ्या जॉर्जेटचा ताका सरकत होता. ताका चालू असताना आपण कुणाचाच फोन घेत नाही, शेठचासुद्धा नाही, अशी त्याची फुशारकी असे. शेठ त्याला कधी फोनच करत नसल्यामुळे ती खपूनही जाई. पण सखुबाई म्हणजे थोरली बहीण. त्याने टेबलाची मोटर बंद केली.

"भो, मी रविवारले येवाव नही," सखुबाईने पलीकडून एका दमात सांगून टाकलं. "शुक्र बुडी गया. बुडेल शुक्रमा पोरना साखरपुडा करतस का कोनी?"

"कोनी सांगं तुले, अक्का?"

"सांगाले कसाले पाहिजे? माले डोया शेतस. चार दिन व्हयनात, रोज संध्याकायले आंगनमा उभी ऱ्हास. नही दखास."

एवढं बोलून तिने फोन ठेवला. भाईदासने मोटर पुन्हा चालू केली, आणि त्या ताक्यात त्याच्या नजरेतून दोन डाग निसटले. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

रविवारी त्याच्या धनश्रीचा साखरपुडा होता. मुलगा कामरेजचा, नितीन नावाचा, पंप दुरुस्तीच्या कारखान्यात कामाला. माणसं साधी, मागणं काही नाही. खानदेशातून, नंदुरबारहून, नवसारीहून पाहुणे निघायच्या तयारीत होते. भाईदासचा पंचांगावर फारसा विश्वास नव्हता. रविवार मिळाला, सगळ्यांना सुट्टी मिळाली, की तोच मुहूर्त, असं तो म्हणायचा. मात्र सखुबाईशिवाय आपल्या घरात काही शुभकार्य होईल, हे त्याच्या कल्पनेतही बसत नव्हतं.

तो सहा वर्षांचा असताना आई गेली आणि त्याच वर्षी सखुबाई कपाळ पुसून माहेरी परत आली. तेव्हा ती होती सतरा वर्षांची. तिने भाईदासला न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, मारलं, आणि सुरतेला जाणाऱ्या गाडीत बसवलं तेव्हा बाजरीच्या भाकरींचं गाठोडं देऊन दुसरीकडे तोंड करून उभी राहिली, म्हणजे रडताना दिसायला नको. तिला पुन्हा उजवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. कारण तिच्या सासूने सगळ्या पंचक्रोशीत सांगून ठेवलं होतं की शुक्र बुडालेला असताना ही माझ्या घरात आली आणि वर्ष-दीड वर्षात माझा पोरगा खाऊन बसली. सखुबाईने ते खरं मानलं. तेव्हापासून कुणाचंही लग्नकार्य निघालं की ती पंचांग विचारत नसे. संध्याकाळी किंवा पहाटे आंगणात उभी राहून ती चांदणी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आणि मगच हो म्हणायची.

आणि धनश्रीने तर सांगून ठेवलं होतं, "पप्पा, माझी पहिली ओटी आत्याच भरणार. बाकी कोणाला वांधा असेल तर ते जेवून जावोत." विधवेने ओटी भरायची म्हणजे पाहुण्यांत कुजबुज होणार, हे भाईदासला ठाऊक होतं. मुलीचा त्याला अभिमान वाटला आणि पाहुण्यांची थोडी भीतीही वाटली, दोन्ही एकदम. सखुबाई त्यावर 'दखसू', म्हणजे बघू, एवढंच म्हणाली होती. आता ती येतच नव्हती.

संध्याकाळी गोडादऱ्याच्या घरी आल्यावर त्याने चहासुद्धा घेतला नाही, तडक गच्ची गाठली. पश्चिमेला मिलच्या धुराड्यांच्या वर, लालसर धुरळ्यात, शुक्र लखलखत होता. थोडा खाली आलेला, पण चांगला ठसठशीत.

त्याने लगेच फोन लावला. "अक्का, शुक्र शे! मी आठे दखी राहिनू."

"तठे मिलना दिवा व्हई," सखुबाई म्हणाली.

भाईदासच्या डोक्यात प्रकाश पडला तो दुसऱ्या दिवशी, गावाकडचा चुलतभाऊ दगा फोनवर सहज बोलून गेला तेव्हा. सखुबाईच्या आंगणाच्या पश्चिमेला या वर्षी केळीचं मोठं कोल्ड स्टोरेज उभं राहिलं होतं. दुमजली, पत्र्याचं. ते शुक्राच्या आड येत होतं. शेतापर्यंत चाल, तिथून दिसेल, असं दगाने तिला सांगूनही पाहिलं. तिचं म्हणणं, पन्नास वर्षं मी जिथून बघते तिथून दिसत नाही म्हणजे नाही. शिवाय गुडघे.

म्हणजे फोटो काढून पाठवायला हवा. फोनने नुसता काढलेला ठिपका ती दिवाच म्हणणार. मग भाईदासने गच्चीवरच्या खोलीतून दुर्बीण काढली.

ही दुर्बीण अरविंद सरांची. सर मराठी शाळेत विज्ञान शिकवायचे. धनश्री त्यांची विद्यार्थिनी. जानेवारीत ते मुलाकडे बडोद्याला राहायला गेले तेव्हा त्यांनी ही हातभर लांबीची नळी भाईदासला देऊन टाकली. लाकडी पाटावर बसवलेली, मोटर नाही की कळ नाही, सगळं हाताने ढकलायचं. भाईदासने तिच्यातून चंद्र पाहिला होता, गुरू पाहिला होता, आणि एकदा शेजाऱ्याच्या टाकीवरचं कबुतर. सूर्य पूर्ण बुडाल्याशिवाय नळी पश्चिमेला फिरवायची नाही, हे सरांनी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं.

मंगळवारी सूर्य बुडाल्यावर त्याने दुर्बीण कठड्यावर ठेवली, नळी धुराड्यांच्या वर रोखली आणि डोळा लावला. आणि कपाळाला हात लावला.

शुक्र मोडला होता. गोल चांदणीच्या जागी एक बारीक, वाकडी कोर. वरचा भाग गायब, डावी बाजू गायब.

आता दुसऱ्या कुणीही माणसाने 'हे काय असेल बरं' असा विचार केला असता. भाईदासने तीस वर्षं कापड तपासलेलं. कापडात जे असायला हवं ते नसेल तर तो डाग, आणि डाग दिसला की तो कुठून आला ते शोधायचं, एवढंच त्याला माहीत. आरशावर धूळ असेल, भिंग सरकलं असेल, नळी कुठेतरी आपटली असेल. त्याने फुंकर मारली, पुसलं, आणि मग फोकसचं चाक फिरवायला घेतलं. कोर जाडी झाली, पसरली, आणि बघता बघता चांगली गोल झाली. मधोमध एक काळा ठिपका राहिला, पण तेवढं चालतं, फर्स्ट क्वालिटीच्या मालातही चालतं. त्याने समाधानाने फोन भिंगाला लावला, फोटो काढला आणि दगाच्या फोनवर पाठवला. वाटलं म्हणून अरविंद सरांनाही पाठवला.

पाच मिनिटांत सखुबाईचा फोन. "हाई काय धाडं, भो? वडा?"

दहा मिनिटांत सरांचा फोन. ते आधी पोटभर हसले. मग म्हणाले, "भाईदास, तुम्ही चांगला असलेला माल खराब करून पाठवलात. ती कोरच आहे. शुक्रालाही चंद्रासारख्या कला असतात. तो आता आपल्या आणि सूर्याच्या मध्ये यायला निघालाय, त्यामुळे आपल्याकडची बाजू अंधारात जाते आणि कडेची तेवढी उजळलेली दिसते. रोज बारीक होत जाईल. पुढच्या आठवड्यात सूर्याच्या उजेडात खरंच दिसेनासा होईल. नशीबवान आहात, अशी कोर बघायला लोक वर्षभर थांबतात."

भाईदास फोन हातात धरून तसाच उभा राहिला. इतकी वर्षं जिला आपण चांदणी म्हणत आलो, ती आत अशी होती. त्याला स्वतःच्या मूर्खपणाचं हसू आलं आणि मग कशाचा कोण जाणे, फार आनंद झाला. खाली उतरताना त्याने दोनदा पायरी चुकवली.

बुधवारी त्याने बायकोला मदतीला घेतलं. छाया घरी साड्यांचं धागा कटिंग करायची. भरतकामाच्या मागे लोंबणारे धागे छोट्या कात्रीने कापायचे, साडीला ओरखडा न उमटवता. दिवसाला तीस-तीस साड्या. तिच्या बोटांइतकी हलकी बोटं गल्लीत नव्हती. आणि काम तसंच होतं. ही दुर्बीण आभाळाच्या मागे आपणहून फिरत नाही. शुक्र दिसतो न दिसतो तोच कडेकडे सरकायला लागतो आणि अर्ध्या मिनिटात पसार. कुणीतरी नळीला केसभर ढकलत राहायला हवं, आणि ढकलताना हिसका बसला की चित्र थरथरतं.

"ढकल," भाईदास म्हणायचा.

"ढकलं," छाया म्हणायची. तिने ढकललेलं कळायचंही नाही. कोर नुसती पुन्हा मधोमध येऊन उभी राहायची.

तरी फोटो जमेना. फोनमध्ये कोरीचा नुसता पांढरा भपका यायचा. पंधरावीस फोटो वाया गेल्यावर भाईदासला मिलची आठवण झाली. पांढऱ्या कापडावर भगभगीत दिवा टाकला की सगळं चकचकीत दिसतं आणि डाग लपतो. चेकर आधी दिवा कमी करतो. त्याने फोनच्या पडद्यावर बोट ठेवून उजेड खाली खेचला, आणखी खाली, इतका की आभाळ शाईसारखं झालं. आणि त्या शाईत नखाची कापलेली कड असावी तशी कोर उमटली. दोन्ही टोकं टोकदार. मिलच्या गरम हवेने ती जराशी उकळत होती, म्हणून त्याने फोटो काढतच राहायचं ठरवलं. एकशे त्रेचाळीस काढले. त्यातला एक असा उतरला की छायाने पदर तोंडाला लावला.

"इतली बारीक," ती म्हणाली. "मनी सुई बी जाडी व्हई."

फोटो गेला. दोघं गच्चीवरच बसून राहिली, शाळेचा निकाल लागायचा असावा तशी. फोन वाजला.

"भाईदास," सखुबाई म्हणाली. ती त्याला पूर्ण नावाने हाक मारायची ती फक्त रागात. "हाऊ चंद्र शे. म्हताऱ्या बहीनले चंद्र दखाडीसन शुक्र सांगस? तुले मी हाईच शिकाडं का?"

तो काही बोलायच्या आत फोन बंद झाला. मग लागेचना. दगा म्हणाला, ती बोलत नाही, जेवलीही नाही.

त्या रात्री भाईदासला फार वाईट वाटलं. न येणं एक वेळ परवडलं असतं. आपण तिला फसवलं असं तिला वाटावं, हे सोसवेना. आणि तिचं तरी काय चुकलं? त्याने स्वतः डोळा लावून ज्याला डाग म्हटलं, त्याला तिने शंभर कोसांवरून चंद्र म्हटलं.

गुरुवारी होळी. मिल दुपारी सुटली. गल्लीच्या तोंडाशी लाकडं रचली होती, पोरं डबे बडवत होती, घराघरांतून पुरणाचा वास येत होता. भाईदास मात्र गच्चीवर दुर्बिणीशेजारी पश्चिमेकडे तोंड करून बसला होता. सूर्य नुकताच बुडाला होता. छाया त्याला खाली बोलवायला आली, आणि जिन्याच्या तोंडाशीच थांबली.

"तुम्ही मांगे दखं का?" तिने विचारलं.

त्याने मागे पाहिलं. पूर्वेला, शाळेच्या इमारतीच्या वर, परातीएवढा पिवळा चंद्र उभा होता. पुनवेचा, आख्खा.

"कालदिन बी हाऊ आठेच व्हता," छाया म्हणाली. "आपला पाठमांगे. आपन पाहिनातच नही."

भाईदासने उडी मारली म्हणायला हरकत नाही. सत्तावन्न वर्षांच्या माणसाच्या मानाने चांगलीच. त्याने दगाला व्हिडिओ कॉल लावला. "दगा, अक्का कोठे शे? होयीपान? तिले बोलू नको, नुसता फोन तिना समोर धर."

पडद्यावर सखुबाई आली. हातात नैवेद्याचं ताट, तोंड वळवलेलं.

"अक्का, एकच सांगस. फिरीसन दख. तुन्हा निंबना वर काय शे?"

तिने नाइलाजाने मान फिरवली. "चंद्र शे. होयीनी पुनी शे, काय व्हई दुसरं?"

"गोल शे ना?"

"गोलच व्हई."

"आते दख." त्याने फोन भिंगाला लावला. फोन भिंगावरून घसरत होता, म्हणून धनश्रीने, जी आरडाओरडा ऐकून वर आली होती, दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. छायाने नळीवर बोट ठेवलं. शुक्र पडद्यात आला, सरकला, छायाने त्याला परत आणला.

पलीकडे बराच वेळ डब्यांचाच आवाज येत होता. सखुबाईने एकदा मागे निंबाकडे पाहिलं, एकदा फोनकडे. पुन्हा मागे पाहिलं.

"पुनीना दिन कोर कोठेन येई," ती स्वतःशीच म्हणाली. मग थोड्या वेळाने, "बारीक शे."

"बारीक शे, अक्का."

"पन शे."

धनश्रीनेच मधे विचारलं, "आत्या, मग येशील ना?"

"उधनाले गाडी किती वाजता लागस?" सखुबाई म्हणाली. "आनि वर कोनी तरी येज्यो लेवाले, माले त्या पूलना दादरा चढता येत नही."

शुक्रवारी तिने स्वतः फोन केला आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच विचारलं, की ही चांदणी नेहमीच अशी जाडी-बारीक होते का. म्हणजे पूर्वीही व्हायची का. भाईदासला तिच्या मनात काय आहे ते कळलं. तिचं लग्न दुष्काळाच्या साली, वैशाख संपता संपता, एकादशीच्या दुसऱ्या दिवशी लागलं होतं. गावात हे सगळ्यांना पाठ होतं. त्याने तसं अरविंद सरांना कळवलं. सरांनी संगणकावर ती तारीख काढली. उत्तर आलं ते भाईदासने कुणालाच सांगितलं नाही, छायालासुद्धा. ते फोनवर सांगायचं नव्हतं.

रविवारी घर माणसांनी भरलं. सखुबाई नव्या हिरव्या लुगड्यात आली होती, पण स्वयंपाकघराच्या दाराआड बसून राहिली. ओटीचं ताट तयार होतं: खण, नारळ, गहू, हळकुंड. धनश्री ताटाकडे आणि आत्याकडे बघत होती. सखुबाई म्हणाली, "मनी येवानी गोट व्हती, मी उनू. ओटी तुनी मावशी भरी." पाहुण्यांतल्या दोन-तीन बायकांनी सुटल्यासारखा श्वास टाकला. मुलाकडची मंडळी सूर्य बुडायच्या सुमारास येणार होती, अजून वेळ होता, आणि भाईदासने बहिणीचा हात धरून तिला उठवलं.

गच्चीवर जायला एकवीस पायऱ्या. प्रत्येक पायरीवर ती त्याला काहीतरी बोलली. वर पोचेपर्यंत सूर्य बुडाला होता. शुक्र आता धुराड्यांच्या इतका जवळ उतरला होता की नुसत्या डोळ्यांनी सापडायलाच वेळ लागला. भाईदासने नळी लावली, फोकस बघितला आणि बहिणीला स्टुलावर बसवलं.

तिने डोळा लावला. कोर गुरुवारपेक्षाही बारीक होती, आता खरोखर दोऱ्यासारखी.

"अक्का," तो म्हणाला, "तुन्हा लगीनना दिन बी ती व्हती. सरांनी काढं. अशीच. सूर्य बुडावर तासभर आभायमा व्हती."

सखुबाईने डोळा काढला नाही.

"कोनले दखायनी नही मंग?"

"दुष्कायनं साल, अक्का. बठ्ठं आभाय धूयनं भरेल व्हतं."

"म्हंजे बुडेल नव्हती."

"नव्हती."

तिचे खांदे हलत होते, आणि भाईदासला वाटलं ती रडते आहे. पण तिने मान वर केली तेव्हा ती रडतही होती आणि हसतही होती, आणि पन्नास वर्षांत त्याने तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"मनी सासू खोटं बोलनी," ती म्हणाली.

"खोटं बोलनी."

"तरी मी म्हनू." तिने लुगड्याच्या पदराने डोळे पुसले आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला. कोर एव्हाना सरकून बाहेर गेली होती. भाईदास पुढे झाला, पण त्याआधीच तिने एका बोटाने नळी अगदी हलकेच ढकलली.

खालून गाड्यांचे हॉर्न ऐकू आले. कामरेजची माणसं आली होती. सखुबाई स्टुलावरून उठली, गुडघ्यांवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली आणि जिन्याकडे निघाली. तिसऱ्या पायरीवरूनच तिने सगळ्या घराला ऐकू जाईल असा आवाज दिला.

"छाया, ते ओटीनं ताट आठे माले दे. पोरनी ओटी मी भरसू."